निनियनकडे दिलेला कुत्रा

वॉटी लेडलॉला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो यॅरोच्या डोंगरावर मेंढ्यांमागे होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. मेंढ्या विकून त्याला सेलकर्क गावच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. उरला मॉस. डोळ्यांवर झिपऱ्या आलेला, तरणाबांड, मेंढ्या वळणारा कुत्रा.

"उना, तू सांभाळ त्याला," वॉटीने धाकट्या बहिणीचा हात डाव्या मुठीत धरला. "परक्याच्या दारात बांधू नकोस, पोरी."

"सांभाळते की," ती म्हणाली. रडणाऱ्या भावाला दुसरं काय सांगणार?

उना औषधाच्या दुकानात कामाला, राहायला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. उजाडायच्या आत ती मॉसला नदीकाठी फिरवून आणायची. हिच्या पायांचे तुकडे पडलेले, आणि हा दारात पट्टा तोंडात धरून पुन्हा तयार! त्याचे केस विंचरायचे तर अख्खी सकाळ जायची; कानामागच्या गाठी ओढल्या की तो कण्हायचा. ती कामावर गेली की तो खिडकी ते दार येरझाऱ्या घालायचा. खालची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची.

एके दुपारी उना मॉसला शाळेवरून नेत असताना शाळा सुटली आणि चिल्लीपिल्ली मैदानात पांगली. मॉसने हिसका देऊन पट्टा सोडवला आणि गोल धावत सगळ्यांना भिंतीच्या कोपऱ्यात आणून उभं केलं. चावला नाही, भुंकलासुद्धा नाही. मोठ्या आनंदाने उनाकडे पाहत राहिला. पण पळताना एक मुलगी पडली, तिची हनुवटी फुटली.

"झेपत नाही तर पाळता कशाला?" तिची आई कडाडली.

उनाने पट्टा उचलून मनगटाला गुंडाळला. त्या रात्री मॉस तिच्या पावलांवर डोकं ठेवून झोपला, आणि तिला वाटलं, याने माझ्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता.

तिने चार ठिकाणी विचारलं. घ्यायला तयार झाला तो फक्त निनियन स्कॉट, त्याच डोंगरावरचा दुसरा मेंढपाळ. त्याने एकदा मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेत वॉटीवर आक्षेप घेतला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"काम नसलं की हा काम शोधणारच," निनियन म्हणाला. "दोष त्याचा नाही."

"म्हणजे माझा?"

"मी तसं कुठं म्हटलं?" पण तिचा नाही, असंही तो म्हणाला नाही.

मॉसला निनियनकडे सोडल्याचं वॉटीला मात्र तिने सांगितलं नाही. दर रविवारी तो विचारायचा, "मॉस काय म्हणतो?" आणि ही म्हणायची, "खातोय, लोळतोय." घरी तिला आता गाढ झोप लागे. सकाळी जाग आली की त्या झोपेचीच लाज वाटे.

"एकदा आण ना त्याला," एका रविवारी वॉटी म्हणाला. "इथं अंगणात चालतं."

"लंगडतोय जरा," ती बोलून गेली.

वॉटीचा चेहरा उतरला. "कुठला पाय? काटा असेल. कोमट पाण्यात मीठ टाकून शेक. नखांच्या मधे बघितलंस का?"

ते ऐकून तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

"निनियन?" वॉटी म्हणाला. "बाकीचं गाव मेलं होतं काय?" आणि मग हळूच, "पण पाय बरा आहे ना?"

"पायाला काही झालंच नव्हतं, वॉटी."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या रविवारी तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, "गाडी काढ."

निनियनच्या फाटकाशी ते गाडीतच बसले. समोरच्या उतारावरून मेंढ्यांचा पांढरा लोंढा खाली येत होता, आणि त्याच्या कडेकडेने मॉस. गाडी दिसताच तो सुसाट आला, खिडकीवर पाय टेकून वॉटीचा वाकडा झालेला गाल चाटू लागला. निनियनची शीळ आली. मॉस थबकला. इकडे बघे, तिकडे बघे.

"जा," वॉटी म्हणाला. शब्द नीट उमटला नाही, पण मॉसला कळला.

मेंढ्या वाड्यात गेल्यावर निनियन येऊन जवळ उभा राहिला.

"केस कापलेस त्याचे?" वॉटीने विचारलं.

"चिखलाचे गोळे धरत होते."

"बरं केलंस," वॉटी म्हणाला. इतक्या वर्षांत दोघांचं एवढंच बोलणं झालं.

परतीच्या वाटेवर वॉटी म्हणाला, "जागा बरोबर शोधलीस. पण तू खोटं बोललीस, ते मी विसरणार नाही, पोरी."

"नको विसरूस," उना म्हणाली. पुढचा रस्ता डोळ्यांत धूसर झाला, तशी तिने गाडी कडेला घेतली. वॉटी थांबून राहिला.