टबाचं झाकण

झाकणाच्या कडेखाली हात घालून तिने ते एका दमात टबावर ओढून घेतलं आणि मगच सासऱ्यांकडे पाहिलं. ते काठाशी उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. आपण आणखी जरा वेळाने आलो असतो तर, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तिथेच दाबून टाकला.

“पाणी चांगलं आहे आज,” ते म्हणाले. “पोरं आली नाहीत का अजून?”

“आज सुट्टी आहे, बाबा.”

“कसली सुट्टी?”

ती वाकून झाकणाच्या पट्ट्या बक्कलांत अडकवत राहिली. सकाळी ही सगळी बक्कलं तिने स्वतः लावली होती. लावली होती, असं तिला पक्कं आठवत होतं. पण हल्ली या घरात कुणाच्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची, हाच मोठा प्रश्न होऊन बसला होता.

टबाचं खूळ मुळात नवऱ्याचं. शिवणयंत्रावर वाकून वाकून तिच्या पाठीचे पार तीनतेरा वाजले होते. तिने चांगली गादी मागितली होती, तर हा पठ्ठ्या एके दिवशी गरम पाण्याच्या टबाचं माहितीपत्रक घेऊन घरी आला. मागच्या अंगणात मावेल एवढा लहानसा टब, आत बसायला कट्टा, पाठीवर पाण्याचे फवारे, वर जाडजूड झाकण. दुकानातल्या विक्रेत्याने दोघांना चपला काढायला लावून कोरड्या टबात बसवलं. गुडघ्याला गुडघे लावून ते बंद पडलेल्या बसमधल्या प्रवाशांसारखे समोरासमोर बसले आणि तिला हसू आवरेना. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्या दुखण्याची एवढी दखल घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी ती हुरळून गेली होती.

विक्रेत्याने विचारलं, घरात लहान मुलं आहेत का? असतील तर कुलपाचं झाकण घेतलेलं बरं.

“नाही,” नवरा म्हणाला.

ते खरंच होतं. म्हाताऱ्या माणसांचं विक्रेत्याने विचारलं नाही आणि नवऱ्याने आपणहून सांगितलं नाही. तेव्हा तिच्याही काही डोक्यात आलं नाही.

सासरे नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे. अर्ध्या गावाच्या नाकातोंडात पहिल्यांदा पाणी गेलं ते त्यांच्या देखत. आता मात्र त्यांना मुलाचं नाव आठवत नव्हतं, आपण जेवलो की जेवायचे आहोत हे कळत नव्हतं आणि शर्टाची बटणं सुनेने लावून द्यावी लागत होती. पण टब आला, पाणी भरलं, ते तापलं, आणि एरवी खुर्चीला खिळलेले सासरे कुणी न बोलावता अंगणात येऊन उभे राहिले. पहिले काही आठवडे तर दृष्ट लागण्यासारखे गेले. संध्याकाळी तिघंही पाण्यात बसायची. एकदा सासऱ्यांनी तिच्या मानेखाली तळहात धरला आणि तिला उताणी तरंगायला लावलं. एवढ्याशा जागेत तरंगणार काय, तिच्या पोटऱ्या टबाच्या काठावर आल्या. पण मानेखालचा तो हात जराही हलला नाही.

“मान सैल सोड,” ते म्हणाले. “मी आहे ना.”

तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. ‘मी आहे ना’ असं तिला त्यानंतर कुणी म्हटलेलं नव्हतं. तिला रडू फुटलं, पण चेहरा ओलाच होता, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

पुढे पुढे सासरे दिवसभर अंगणाकडे ओढ घेऊ लागले. दार उघडं दिसलं की निघाले. म्हणून झाकण कायम बंद ठेवायचं, बक्कलं लावायची, मागच्या दाराला वरची कडी घालायची, असं ठरलं. आणि मग त्या दुपारी झाकण उघडं सापडलं, आणि सासरे काठाशी उभे.

नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. कुठे आग लागली, कुणी जिन्यावरून पडलं, की चूक कुणाची हे शोधून काढायचं, हे त्याचं काम. अपघात वगैरे काही नसतं, असं तो जेवताना म्हणायचा. कुणीतरी काहीतरी विसरलेलं असतं, एवढंच. त्या दिवशी मात्र तो तिला रागावला नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून इतकंच म्हणाला की ती दमते, होतं असं. पुन्हा तसंच झालं, तेव्हाही तो रागावला नाही. पण त्याच आठवड्यात तिने त्याला बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं.

“तिला दोष देत नाही गं मी, ताई. सगळं तीच करते. पण हल्ली विसरायला लागलीय. झाकण उघडं राहतं, दार उघडं राहतं. मला ऑफिसात बसून नुसती धडधड होते.”

आवाजात काळजी होती. तिला वाईट वाटलं ते स्वतःबद्दलच. कुंपणापलीकडच्या शेजारणीलाही त्याने हे कधीतरी सांगितलं असावं. कारण तिने एकदा हिला थांबवून मन शांत ठेवायला सांगितलं, आणि आपल्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं, अशी वर धीर देणारी माहिती पुरवली. झालं, तिची झोप उडाली. गॅस बंद केला का हे ती उठून उठून बघायची. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान बोटात असताना तेच घरभर शोधायची. सासऱ्यांच्या नखालाही धक्का लागू नये, एवढीच तिची इच्छा होती. आणि आपल्याच हातून त्यांचा जीव जाईल, या भीतीने तिला घास गोड लागेना.

शेवटी तिने आपल्या धंद्यातली युक्ती काढली. रोज सकाळी बक्कलं लावली की ती त्यांतल्या एकाभोवती दोरा गुंडाळायची आणि खालच्या अंगाला गाठ मारायची, बटण शिवल्यावर मारतात तशी. पट्टीच्याच रंगाचा दोरा, मुद्दाम शोधल्याशिवाय कुणाला दिसणार नाही असा. दोरा जागेवर म्हणजे झाकण लावलेलं. दोरा नाही म्हणजे आपण विसरलो. मनाला तेवढाच आधार.

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी कपडे वाळत घालायला ती अंगणात आली तर झाकण अर्धं उघडं होतं. सासरे आत झोपलेले होते. दोरा खाली फरशीवर पडला होता. तिने तो उचलला आणि उजेडात धरला. ओढून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजलेलं असतं. हा दोरा सरळ कापलेला होता. आणि सासऱ्यांच्या हाती लागू नयेत म्हणून घरातल्या सगळ्या कात्र्या, सुऱ्या कुलपात होत्या. त्या कुलपाची एक किल्ली तिच्याकडे होती, दुसरी नवऱ्याकडे. तो त्या दिवशी जेवायला घरी येऊन गेला होता.

ती कुणाला काही बोलली नाही. काय बोलणार? त्याला स्वतःलाच पाण्यात बसायचं असेल, घाईत निघून गेला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. शिवाय मध्ये एकदा, सासऱ्यांनी अंथरूण खराब केलं त्या दिवशी, चादर धुताना तिच्याही तोंडून निघून गेलंच होतं की हे कधी संपणार. जे आपल्या तोंडी आलं ते दुसऱ्याच्या मनात आलं तर त्याला लगेच राक्षस ठरवायचं का? पण तो दोरा तिने टाकला नाही, आणि त्या रात्री नवऱ्याच्या शेजारी झोपताना तिने त्याच्याकडे पाठ केली.

दर गुरुवारी दुपारी ती शिवून झालेले कपडे दुकानात पोचवायला जायची. सासरे जेवून झोपलेले असायचे, ते उठायच्या आत ती परत यायची. तेवढा वेळच काय तो ते घरात एकटे. त्या गुरुवारी नेहमीप्रमाणे नवऱ्याचा फोन आला. निघालीस का, म्हणून त्याने विचारलं. दर गुरुवारी विचारायचा. आजवर ती त्याला काळजी समजत आली होती.

“निघाले,” ती म्हणाली.

कपड्यांची पिशवी तिच्या पायाशी होती आणि ती शिवणाच्या खोलीत यंत्रासमोर बसलेली होती. आपण नवऱ्याशी खोटं बोललो, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. आता कुणी येणार नाही, मग मी त्याची मनातल्या मनात माफी मागेन आणि पिशवी उचलून दुकानात जाईन, असं तिने ठरवलं. ती दाराकडे कान लावून बसली.

थोड्या वेळाने पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. पावलं सरळ सासऱ्यांच्या खोलीकडे गेली. मग नवऱ्याचा आवाज आला. इतक्या मायेने तो बापाशी कैक महिन्यांत बोलला नव्हता.

“चला बाबा, उठा. पोरं आलीत.”

मागच्या दाराची कडी निघाली. खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. त्याने झाकण उघडलं, बापाला काठावर बसवलं, त्यांचे पाय उचलून पाण्यात सोडले. तो पण बसेल, ती मनात म्हणत होती, आता तो पण बसेल. त्याने त्यांचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला. मग वळून घरात आला आणि काचेचं दार मागे ओढून घेतलं. स्वयंपाकघरातला नळ जोरात सुटला.

ती उठली. स्वयंपाकघरात तो तिच्याकडे पाठ करून उभा होता आणि एक कप विसळत होता. तो कप तिने सकाळीच धुऊन ठेवला होता. तिने हाक मारली नाही. ती त्याच्या मागून गेली, काचेचं दार सरकवलं आणि धावली.

सासरे टबाच्या मधोमध होते. छातीपर्यंत पाणी, शर्ट फुगून वर आलेला. ते वाकून पाण्याखाली हात घालून काहीतरी चाचपत होते, आणि बघता बघता त्यांचं डोकं खाली गेलं. ती साडीनिशी पाण्यात उतरली. काखेत हात घालून तिने त्यांना वर ओढलं. ते ठसकले, खोकले, आणि तिचा हात झिडकारू लागले. म्हातारपणातही त्यांच्या खांद्यांत अजून जोर होता.

“सोड मला. एक पोर कमी आहे. खाली गेलंय.”

“सगळी बाहेर आली, बाबा.”

“मोजलीस?”

“मोजली. सगळी आहेत.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांचं अंग सैल पडलं आणि ते तिच्या आधाराने कट्ट्यावर टेकले. श्वास घेताना त्यांच्या छातीत घरघर होत होती. तिने त्यांच्या तोंडावरचं पाणी पदराने पुसलं. पदरही ओलाच होता. घरातला नळ बंद झाला.

नवरा दारात येऊन उभा राहिला. हातात तो कप तसाच. त्याने बापाकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. कागदपत्रांत एखादी गोष्ट जुळत नसली की तो जसा बघायचा, तसाच तो बघत होता.

“तू निघाले म्हणालीस,” तो म्हणाला.

तो एक पाऊल पुढे आला, तशी ती टबात आणखी मागे सरकली आणि सासऱ्यांना आपल्या अंगाशी ओढून घेतलं. त्यांनी डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं. चष्मा नव्हता. मुलगा त्यांना ओळखू आला नाही, चष्मा असता तरी आला नसता.

“कुणीतरी न्यायला आलंय,” ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले. तलावावर नव्या मदतनिसांना सांगत असतील तसे. “ओळख पटल्याशिवाय पोर ताब्यात द्यायचं नाही. आईबाप म्हणाले तरी नाही.”

“नाही देत,” ती म्हणाली.