काजाच्या मशीनवरची बाई

ही गोष्ट २०१८ सालची. परभणीत तेव्हा शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना होता. धम्मशीला तिथे कॉलर लावायची, आणि कामगार संघटनेचं ‘सुईदोरा’ हे चार पानी मासिक पत्रही तीच लिहायची. वालूरच्या बायनाबाईंनी तिला शिवण शिकवलेलं, म्हणून ती त्यांना मावशी म्हणे.

मेच्या अंकात तिने बायकांच्या संडासाला दिवसभर असणाऱ्या कुलपाबद्दल लिहिलं. बोलणारीचं नाव छापायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने लिहिलं, ‘काजाच्या मशीनवरची एक बाई सांगते, कुलपाच्या धास्तीनं आम्ही पाणीच पीत नाही.’

कॉलर लावणाऱ्या रांगेनं बसत. काज पाडायची मशीन मात्र अख्ख्या कारखान्यात एकच होती, आणि तिच्यावर बायनाबाई. हे धम्मशीलाच्या ध्यानातच आलं नाही. सुपरवायझर चंद्रभानच्या मात्र लगेच आलं. त्याने मावशींना कामावरून काढलं.

धम्मशीला त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावली.

“नाव न्हाई घातलंस, पर तोंडच छापलंस की गं माजं!” मावशी म्हणाल्या.

“चुकलं, मावशी. ते मीच बोलले म्हणून सांगते त्यायला.”

“कोण ऐकंल? तुजं काज म्हंजे उंदरानं कुरतडल्यावानी!”

चंद्रभानने काजाच्या मशीनवर कॉलरच्या रांगेतल्या निकिताला बसायला सांगितलं.

“मला न्हाई जमत, साहेब.”

शेजारणीलाही जमेना. कुणालाच जमेना. शाळा उघडायला आल्या आणि बिनकाजाच्या शर्टांचे ढीग लागले. मालक धावत आला.

“पोरायनं शर्टाला टाचण्या लावायच्या का?” निकिता म्हणाली. “काजाची बाई तुमीच घरी धाडली की.”

मालकाने मावशींना बोलावून घेतलं. त्या आल्या, पण दारातच थांबल्या. “आदी ते कुलूप काढा.”

कुलूप निघालं. जूनच्या अंकासाठी धम्मशीलाने विचारलं, “मावशी, आता नाव घालू का?”

“घाल की. नवऱ्याच्या नावासगट घाल. आता झाकायचं काय ऱ्हायलंय?”

चंद्रभानने पुढे स्टेशन रोडला कपड्याचं दुकान टाकलं. मावशी नजर अधू झाल्यावर वालूरला परतल्या, आणि त्यांच्या जागी निकिता बसली. काज तिला आधीपासूनच झकास येत होतं. धम्मशीला शिलाई सोडून ‘सुईदोरा’ची पूर्णवेळ संपादक झाली. कुणी बिननावाची बातमी आणली, की ती आजही पहिल्यांदा विचारते, “हे काम करणाऱ्या तिथं कितीजणी हायेत?”