शेजाऱ्याची नाडी

वॉरनबीच्या वैद्यकीय सभेत स्वतःची हजेरी स्वतः कुणी देत नाही. सोन्याच्या खाणींच्या दिवसांत विषमज्वराची साथ आली, तेव्हा गावातले डॉक्टर आपला ताप लपवून रोगी तपासत फिरले आणि तो आजार त्यांनीच घरोघर पोचवला. तेव्हापासून वार्षिक भोजनाआधी प्रत्येकाने डावीकडच्या सोबत्याची नाडी धरायची आणि त्याचं नाव पुकारलं की त्याच्या वतीने ‘आहे’ म्हणायचं, असा दंडक पडला. ज्याच्यासाठी शेजारी गप्प राहील, त्याचा दवाखाना त्याच दिवशी बंद.

कुणी गप्प राहिल्याचं मात्र आजवर ऐकिवात नव्हतं. हिवाळ्यातल्या त्या दुपारीही ऊन टेबलावर आलं होतं, आतून भाजलेल्या कोकराचा वास येत होता आणि डॉक्टर मॉइरा ट्रेगेन्झाने हसतच म्हाताऱ्या डॉक्टर फेरिसांचं मनगट हातात घेतलं. त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती.

“नीट धर गं,” फेरिस म्हणाले. “चहाचा कप आहे का तो?”

“तुम्हीच शिकवलंत, सर.”

“मग शिकवताना मला डुलकी लागली असणार.”

नाडी लागेना. तिने बोटं सरकवली, दाब कमी केला, पुन्हा वाढवला. मनगट ऊबदार होतं, कातडीखालची शीरही बोटांना कळत होती, पण ती वारा पडलेल्या दिवशीच्या कपड्यांच्या दोरीसारखी स्वस्थ होती. फेरिस समोरच्याला आपल्या कुत्र्याच्या खोड्या सांगत होते. बायको गेल्यापासून या माणसाला दवाखान्याखेरीज काही उरलं नव्हतं आणि टेकडीपलीकडच्या वस्त्यांना त्यांच्याखेरीज डॉक्टर नव्हता.

“डॉक्टर फेरिस,” अध्यक्षांनी पुकारलं.

सगळे मॉइराकडे पाहत होते, सभ्यपणे, अजिबात घाई न करता.

“आहे,” ती म्हणाली.

कुणीतरी हळूच श्वास सोडला.

पुढचं नाव तिचंच होतं. तिचं उजवं मनगट धरून बसलेला डॉक्टर क्विल एरवी तिची थट्टा केल्याशिवाय घास गिळत नसे. आज तो मघापासून गप्प होता आणि त्याची बोटं सारखी जागा बदलत होती, हे तिला आता जाणवलं.

“डॉक्टर ट्रेगेन्झा.”

क्विलने तिच्याकडे पाहिलं नाही.

“आहे,” तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने, आणि त्याने तिचं मनगट सोडलं.

हजेरी पुढे सरकली. नाव, थोडी शांतता, आहे. नाव, थोडी शांतता, आहे. ही शांतता दर वर्षी एवढीच असते का, ते मॉइराला काही केल्या आठवेना. उद्या सकाळी तिच्या दवाखान्याच्या पायरीवर माणसं येऊन बसणार होती. तिने टेबलाखाली डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटाकडे नेली.

फेरिसांनी न बघताच आपला ऊबदार पंजा तिच्या हातांवर ठेवला.

“नको बघूस, पोरी,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पहिल्या वर्षी जरा जड जातं.”