दाक्षायणीबाईंची कॅसेट

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. सोलापुरातल्या कोंडीबा सुताराने माझं सागवानी खोकं बांधलं आणि शिवशरण यांनी मला बैठकीत बसवलं. ते टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. विणीतली चूक त्यांना लांबून दिसे, गाण्यातलीही खपत नसे. पाहुण्यांनी माझी तारीफ केली की ते माझ्यावरून हात फिरवत. तसा हात त्यांनी घरातल्या कुणावर फिरवलेला मी पाहिला नाही.

त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई कानडी भक्तिवचनं गोड गात. त्यांना दम्याचा त्रास होता. एका एप्रिलच्या दुपारी शिवशरण यांनी त्यांना बैठकीतच टेपरेकॉर्डरसमोर बसवलं. आवाज नको म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला.

"मधे खोकला आला. परत म्हण," ते म्हणाले.

असं सात वेळा झालं. आठव्यांदा बाईंनी खोकला गिळला. गाणं पुरं झालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्या गेल्या.

पुढे दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला ती कॅसेट माझ्यातून वाजे. माझा बारीक आवाजाचा भाग केव्हाच जळला होता, त्यामुळे श्वास, कुजबुज सगळं गळून जाई आणि फक्त गोडवा तेवढा बाहेर येई. लेक अंकिता मला टेकून बसे. आईने आपल्यासाठी आनंदाने गाऊन ठेवलंय, असं तिला वाटे. मला खरं माहीत होतं, पण माझ्या गळ्यातून ते निघत नव्हतं.

गेल्या वर्षी नवा ॲम्प्लिफायर आणि उंच, सडपातळ स्पीकर आले. मला दाराशी सरकवलं. पुण्याहून आलेल्या अंकिताला शिवशरण यांनी आधी एक सिनेमाचं गाणं ऐकवलं.

"तबल्यावर बोट घासलेलं कळतंय बघ. जुन्यात सगळं मेलेलं होतं की."

मग त्यांनी ती कॅसेट लावली. दोन ओळींच्या मधे श्वास करवतीसारखा घासत होता. अंकिताने मान वर केली. गाणं संपलं आणि खोल गेलेले शब्द आले, "पंखा लावा की ओ आता."

पाठोपाठ शिवशरण यांची तरुणपणीची कुजबुज, "थांब. टेप चालू आहे."

"अप्पा, तिला श्वास घेता येत नव्हता," अंकिता म्हणाली.

"अगं, पंख्याची घरघर आली असती की त्यात."

अंकिताने हात पुढे केला. तिने कॅसेट मागितली. त्यांनी दिली नाही. ती जेवायलाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी शिवशरण यांनी दीपक नावाच्या कॉम्प्युटरवाल्याकडून शेवटचं बोलणं कापून घेतलं. श्वासही पुसून घेतले. आता दाक्षायणीबाई एकदाही श्वास न घेता गातात. ऐकणारे म्हणतात, "काय स्वच्छ आवाज हाय ओ!" शिवशरण खूश होतात. अंकिता त्या घरी पुन्हा आली नाही.

पुढे मला भंगारात दिलं आणि भंगारवाल्याने माझं लोहचुंबक काढून घेतलं. माझं खोकं त्याच्या अंगणात उन्हात पडलंय. त्याची मला फार खंत नाही.

मित्रांनो, यंत्रं जपा, त्यांच्यावर धूळ बसू देऊ नका. पण शेजारचं माणूस दमलंय असं दिसलं, तर त्याने मागायची वाट बघू नका. यंत्र तिथंच थांबवा आणि आधी खिडकी उघडा.