चार्जर बदलायचा राहिला

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. देवदत्ताची मेल्यावरही गेली नाही, आणि हे कळायला त्याच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, दहावा दिवस उजाडावा लागला.

साल २००६, नोव्हेंबर महिना. रत्नागिरीच्या खाडीकाठी कातळावर पिंड मांडलेले. श्रीपती ओल्या धोतराने उभा, मुंडण केलेल्या टाळूवर ऊन, बोटात दर्भाचं पवित्रक. खरं तर हे सगळं करायचं ते मुलाने. पण देवदत्ताचा उन्मेष जर्मनीत, आणि त्याचा पासपोर्ट तिथल्या कचेरीत व्हिसा वाढवायला दिलेला. तेव्हा अग्नी काकाने दिला, आणि मुलगा हजर होता तो फोनवर. श्रीपतीचा मोबाइल स्पीकर चालू करून भटजींच्या झोळीवर ठेवला होता. तिकडे नुकतं उजाडत होतं.

कावळा काही शिवेना. कावळे नव्हते असं नाही, सुरूच्या झाडावर वीसेक तरी होते. पण एकाचाही आवाज नाही. एरवी नको तेव्हा डोकं उठवणारी जात, आज तोंड शिवल्यासारखी गप्प. मधूनच एक उतरे, भातापासून हातभर अंतरावर थांबे आणि कोणी हाकलल्यासारखा मागे सरे. हाकलायला तिथे कोणी नव्हतं. आणि झाडावरचे सगळे भाताकडे बघतच नव्हते. ते श्रीपतीकडे बघत होते.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुप्रसाद भटजी म्हणाले. "बोला, श्रीपतराव."

श्रीपतीने हात जोडले. "दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाही."

कावळे ढिम्म.

"सड्यावरची आंब्याची कलमं विकणार नाही."

ढिम्म.

"बाबा, मी वर्षश्राद्धाला नक्की येतो," फोनमधून उन्मेष म्हणाला. तरी ढिम्म.

इच्छा कोणती राहिली ते श्रीपतीला पक्कं ठाऊक होतं. पण हा गृहस्थ बोलेल तर ना!

देवदत्ताचा जन्म वीज मंडळात वायरी जोडण्यात गेला. दुसऱ्याकडे जेवायला गेला तरी पाटावर बसण्याआधी मेनस्विच हुंगून यायचा. मे महिन्यात उन्मेष घरी आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर पिनेच्या मानेशी तुटली. देवदत्त म्हणाला, टाकून दे, तिकडे गेल्यावर नवा घे. श्रीपती म्हणाला, अरे, चांगली वस्तू टाकता काय शिंच्यांनो? आणि बाजारात भागोजीकडे नेऊन त्याने वायर झाळून घेतली, वर काळी टेप गुंडाळून आणली. चार्जर चालला. मग काय, पुढे महिनाभर गावात भेटेल त्याला श्रीपतीने ही कथा ऐकवली. जर्मनीत गेल्यावर उन्मेष एकदा दुकानात जाऊन आला, पण तशी पिन तिथे नव्हती, मागवावी लागणार होती. काकांचा चालतोय की, म्हणून ते राहिलं ते राहिलंच. देवदत्त दर रविवारी फोनवर विचारायचा, "गरम होतो का रे?" "होतो थोडा." "मग बदल." "हो, बाबा."

शेवटच्या दिवशी इस्पितळात देवदत्ताने भावाचं मनगट धरलं. "त्याला म्हणावं, तो चार्जर बदल. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल." श्रीपती हो म्हणाला आणि मूग गिळून बसला. बाप गेलेल्या पोराला कसलं चार्जरचं सांगायचं, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. सांगायचं म्हणजे आपली दुरुस्ती फसली हे कबूल करायचं, आणि ते त्याच्या जिवावर येत होतं.

भटजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. "भरती लागलीय. आता हाच शिववू."

पाणी पिंडांपासून दोन हातांवर आलं होतं. गवताचा कावळा शिववायचा म्हणजे दादाला फसवून वाटेला लावायचं.

"थांबा," तो म्हणाला आणि फोनकडे वाकला. "उन्मेष, तुझा तो चार्जर. दादाने जाताना तुला निरोप दिला होता, बदल म्हणून. मी सांगितला नाही. माझं चुकलं रे."

"एवढंच ना, काका? शनिवारी जाऊन मागवतो."

झाडावरून एक थोराड डोमकावळा उतरला. थेट भातापाशी गेला, चोच खाली नेली आणि तशीच थांबवली. मग मान वाकडी करून त्याने श्रीपतीकडे पाहिलं. श्रीपतीच्या अंगावर सरसरून काटा आला. गृहपाठ अर्धवट टाकून खेळायला पळालेल्या धाकट्याकडे दादा असाच बघायचा.

"शनिवारी नको," त्याचा आवाज चिरकला. "आत्ता कुठे आहे तो?"

"बाहेरच्या खोलीत, लॅपटॉपला लावलेला. ओवी रात्री गाणी बघत सोफ्यावरच झोपली." ओवी म्हणजे उन्मेषची चार वर्षांची मुलगी.

"जा. काढ तो."

"काका, ती जागी होईल."

"होऊ दे. काढ म्हणतो ना."

पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग लांबून उन्मेषची हाक, ओवी, ओवी, ओवी, एकामागून एक. काहीतरी ओढलं गेलं, आपटलं, पाणी ओतलं गेलं. भटजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला. कितीतरी वेळाने पोरीने भोकाड पसरलं.

डोमकावळ्याने भाताचा घास उचलला. त्याबरोबर झाडावरचे सगळे कावकाव करत खाली आले.

"शिवला," भटजी म्हणाले.

"काका," उन्मेष धापा टाकत होता. "उशी धुमसत होती. तिच्या डोक्याखालची. खोलीभर धूर झालाय. ती खोकतेय, पण बरी आहे, काका, बरी आहे." मग त्याने खिडकी उघडल्याचा आवाज आला. "बाबा गेले?"

सकाळपासून कावळा शिवावा म्हणून श्रीपतीने देव पाण्यात ठेवले होते. आता शिवला, आणि त्याला वाटलं, नसता शिवला तर बरं झालं असतं. दहा दिवस दादा कुठे गेलाच नव्हता. घरादाराची राखण करत इथेच होता.

"गेला," श्रीपती म्हणाला. "आता आपलं आपण बघायचं, बाळा."

आणि ओल्या धोतरानिशी कातळावर बसून तो दहा दिवसांत पहिल्यांदा रडला.