रविवारची चाचणी

दोरीच्या दुसऱ्या झटक्याला जनरेटर सुरू झाला आणि नंदकुमारने चोक हलकेच आत ढकलला. कंपाउंडच्या भिंतीशी उकिडवा बसून तो कान देऊन ऐकत राहिला. आवाज एकसारखा होता, धूर पातळ होता. दर रविवारप्रमाणे त्याने तेल पाहिलं, पेट्रोलचं झाकण घट्ट केलं आणि मान हलवली. मान हलवली खरी, पण मनाला काही ते पटलं नाही.

लेकीसाठी स्थळ पाहावं तसा हा जनरेटर त्याने निवडला होता. थेट वापीपर्यंतची दुकानं पालथी घातली, आवाज किती, पेट्रोल किती खातो याच्या चौकशा करून दुकानदारांना जेरीस आणलं आणि शेवटी आईच्या ऑक्सिजनच्या मशीनला लागते त्याच्या दुपटीहून अधिक ताकदीचा घेतला. राखोलीच्या कारखान्यातल्या मेंटेनन्स मॅनेजरला एवढी चिकित्सा शोभतही होती. फुप्फुसं थकलेल्या आईला त्याने नाशिकहून सिल्वासाला आणलं, तेव्हापासून तिच्या नाकाला दिवसरात्र नळी होती. वीज गेली तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर काय, हे घरात कुणी बोलत नसे.

इथे वीज तशी क्वचितच जायची, गेली तरी लगेच यायची. पण लाइनच्या कामासाठी येत्या मंगळवारी दिवसभर पुरवठा बंद राहणार असल्याचा निरोप मोबाइलवर आला होता. आणि नंदकुमारने हा जनरेटर आजवर एकदाही आईच्या मशीनला जोडून पाहिला नव्हता.

लोड टाकल्याशिवाय टेस्ट झाली म्हणायचं नाही, अशी कारखान्यात त्याचीच ताकीद होती. घरी मात्र तो वीज जनरेटरवर वळवणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या दांड्याला हात लावत नसे. दांडा ओढला की वीज एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूने येणार, तेवढ्यात मशीन थांबणार, त्याचा भोंगा वाजणार. दवाखान्यात एकदा मशीन बदलताना आईचे ओठ निळे पडलेले त्याने पाहिले होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर ताकाच्या वाटेलाच जात नव्हता.

विद्या चहा घेऊन बाहेर आली. जनरेटरकडे बघत म्हणाली,

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान.”

इतक्या वर्षांच्या संसारात म्हणीचा उरलेला अर्धा भाग बोलायची तिला गरज नव्हती. मंगळवारी आपण रजा टाकतो, असं तो पुटपुटला.

“तुमच्या रजेवर मशीन चालणार आहे का?” तिने विचारलं.

चहा तसाच ठेवून तो आत गेला. चेंजओव्हर आईच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर होता. आधी तिला सांगावं म्हणून त्याने दार ढकललं. मशीन चालू होतं. आई पलंगावर ताठ बसली होती, आणि नळी तिच्या मांडीवर होती.

तो धावला, तसा तिने हात वर केला. मग स्वतःच सावकाश नळी नाकाला लावली. बराच वेळ तिची छाती वरखाली होत राहिली.

“घाबरू नकोस,” ती म्हणाली. “बाहेर तुझं ते सुरू झालं की मी काढून बसते. दर रविवारी.”

“अगं, पण कशासाठी?”

“सवय हवी ना.” ती दम घ्यायला थांबली. “तू ते नुसतंच चालवतोस आणि बंद करतोस. म्हटलं, नंदूचाच त्याच्यावर भरवसा नाही. मग आपली तयारी आपण ठेवलेली बरी.”

नंदकुमारला रडू आलं, रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. जिला जपायचं म्हणून त्याने दांडा ओढला नाही, ती पलीकडे एकटीच रविवारामागून रविवार गुदमरत बसत होती.

“आता नळी काढायची नाही,” एवढंच तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने तळहात पॅंटला पुसला आणि दांडा खाली ओढला. पंखा मंदावला. खोलीत भोंगा किंचाळला. मग बाहेरच्या जनरेटरचा आवाज जड झाला, ओझं उचलताना माणूस हुंकारतो तसा, आणि मशीनची घरघर परत सुरू झाली.

तो आत आला तेव्हा आईने पलंगाची कड घट्ट धरली होती. पंखा पुरता वेगात आल्यावर तिने ती सोडली, उशी ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

जरा वेळाने विद्या दारात आली. झालं ना, करायचा का बंद, असं तिने खुणेने विचारलं. नंदकुमारने मान हलवून नाही म्हटलं. आईचा हात त्याच्या हातात होता. तिला झोप लागली होती, आणि तिच्या नखांचा निळेपणा अजून उतरला नव्हता.