डोंगरमाथ्यावरचं गाव

मरणाच्या आदल्या दिवशी धनसिंग अंगणात बसून दोर वळत होता, आणि तांड्याचे नाईक सेवादास रोजच्यासारखी त्याची खोडी काढत होते.

"काय धनसिंग, तुह्या इटलीतल्या बाया अजून डोक्यावर पाणी वाहून राह्यल्या का?"

"वाहत असतीन," धनसिंग म्हणाला आणि दोराला पीळ देत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात तो पलटणीची खेचरं हाकायच्या कामावर होता. दक्षिण इटलीतल्या एका गावात त्याचा महिनाभर मुक्काम पडला. गाव थेट डोंगराच्या टोकावर. घरांच्या मागच्या भिंती हाच त्याचा कोट, आणि गल्ल्या अशा अरुंद की खेचरावरचं ओझं दोन्हीकडे घासायचं. समुद्रावरच्या लुटारूंच्या भयानं शेकडो वर्षांपूर्वी किनाऱ्यावरची माणसं वर चढली ती तिथेच राहिली, असं एका म्हातारीनं त्याला हातवारे करून सांगितलं होतं. पाणी मात्र खाली, दरीत.

तांड्यात ही गोष्ट सांगताना इथेच सगळं अडायचं. तांड्याच्या पूर्वजांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला, पण पाणी पाहिल्याशिवाय मुक्काम कधी टाकला नाही. त्यांच्या वंशजांना हे पटावं कसं? त्याच्या लेकीला, जमनीलाही पटलं नव्हतं. सातवी पास झाली त्या वर्षी ती भर बैठकीत हसली होती, "बा, पाण्याबिगर टेकडीवर कोण गाव वसवते? सपन पाह्यलं असशीन." त्यानंतर धनसिंगनं आपणहून ती गोष्ट कधी काढली नाही.

आता, १९६२ साली, जमनी नेरला मास्तरीण होती. सुट्टी लागण्याआधी यवतमाळच्या वाचनालयात तिला एका इंग्रजी ग्रंथात ते गाव सापडलं. तेच नाव, तोच कोट, डोक्यावर तांब्याच्या घागरी घेऊन चढणाऱ्या बाया. तिनं ते पान वहीत उतरवून घेतलं. सुट्टीला ती घरी आली तेव्हा वही पिशवीत होती. पण दाखवायची तर आपलं हसणं चुकलं हे कबूल करायचं. उद्या सांगू, असं ठरवून ती त्या रात्री झोपली.

पहाटे बा उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी तांडा जमला. "माणूस लाखाचा," सेवादास डोळे पुसत म्हणाले, "पण तेवढी इटलीची थाप..." दोघेतिघे मायेनं हसले.

जमनी बायकांमधून उठून पुढे आली. आईनं पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला. वही उघडून तिनं एकेक ओळ आपल्या बोलीत सांगितली, शेवटपर्यंत.

मग वही मिटून ती धनसिंगच्या रिकाम्या बाजेकडे वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बा, तुह्यं खरं होतं. मी हासली, ते माह्यं चुकलं."